कंट्रोलरचा गेन किती ठेवायचा? रूट लोकस पद्धत, रोबोटच्या हाताच्या उदाहरणासह

मोबाइलने व्हिडिओ शूट करताना गिम्बल वापरलं असेल, तर त्याच्या अ‍ॅपमधली 'मोटर स्ट्रेंग्थ' ही सेटिंग तुम्ही पाहिली असेल. ती कमी ठेवली की फोन जड झाल्यासारखा मागे रेंगाळतो. फार वाढवली की गिम्बल जागच्या जागी थरथरायला लागतं. मधे कुठेतरी एक जागा असते, जिथे सगळं छान चालतं. ही सेटिंग म्हणजे ढोबळमानाने कंट्रोलरचा गेन.

गिम्बलमध्ये चुकलं तर व्हिडिओ खराब होतो, एवढंच. पण प्रत्येक ठिकाणी इतक्या स्वस्तात सुटका होत नाही. पुण्यात विश्रांतवाडीहून आळंदी रोडने निघालं की पुढे दिघी लागतं. तिथे डीआरडीओची 'रिसर्च अँड डेव्हलपमेंट एस्टॅब्लिशमेंट (इंजिनिअर्स)' ही प्रयोगशाळा आहे. लष्करासाठी 'सर्वत्र' नावाचा वाहनावरून टाकता येणारा पूल याच संस्थेने बनवला. 'दक्ष' हा रोबोटही इथलाच. संशयास्पद वस्तू माणसाने हात न लावता दुरून हाताळायची, हे त्याचं काम. तो जिने चढू शकतो, वायरलेसने सुमारे ५०० मीटरवरून चालवता येतो, आणि त्याला वस्तू उचलायला हात आहे. २०११ मध्ये या रोबोटची पहिली तुकडी लष्कराला मिळाली.

आता विचार करा. अशा हाताच्या सांध्याला 'वीस अंश फिर' असं सांगितलं आणि तो आधी सव्वीस अंश गेला, मग मागे आला, तर? एक मीटर लांब हाताच्या टोकाशी सहा अंश म्हणजे दहा सेंटीमीटर. पकडीत काय आहे हे माहीत नसताना दहा सेंटीमीटरचा झोका परवडणारा नसतो.

या लेखात आपण अशाच एका सांध्याचं उदाहरण घेऊन गेन कसा निवडायचा ते पाहू. उदाहरणातले आकडे हिशेब समजावा म्हणून मी घेतलेले आहेत, ते दक्षचे नाहीत. पद्धत मात्र तीच, जी इंजिनिअरिंगच्या कंट्रोल सिस्टिम्स विषयात शिकवतात आणि बहुतेक जण परीक्षेपुरती पाठ करून सोडून देतात.

गेन म्हणजे नक्की काय?

सांधा कुठे असायला हवा आणि तो आत्ता कुठे आहे, यातला फरक म्हणजे एरर. सर्वात साधा कंट्रोलर या एररला एका आकड्याने गुणतो आणि तेवढा जोर मोटरला देतो. तो आकडा म्हणजे गेन.

गेन कमी असेल तर मोटर आळशीपणे हलते. गेन जास्त असेल तर मोटर जोरात धावते, पण ठिकाणावर पोचते तेव्हा तिच्या अंगात वेग असतो, म्हणून ती पुढे निघून जाते. मग एरर उलटा होतो, मोटर परत मागे खेचते, परत पुढे. हाच झुलण्याचा खेळ. गेन आणखी वाढवला तर झोके कमी होण्याऐवजी वाढत जातात आणि सिस्टिम हाताबाहेर जाते.

गेन थोडा थोडा वाढवून बघत बसणं हा एक मार्ग आहे. पण खऱ्या यंत्रावर हा प्रयोग महागात पडतो. शिवाय एक आकडा चालला म्हणून तो का चालला, आणि हातात ओझं असताना तो चालेल का, हे त्यातून कळत नाही. रूट लोकस हे दोन्ही सांगतो.

ही पद्धत कुठून आली?

प्रश्न जुना आहे. वाफेच्या इंजिनाचा वेग सांभाळणारे गव्हर्नर कधी कधी स्थिर होण्याऐवजी झुलत राहायचे. जेम्स क्लार्क मॅक्सवेल याने १८६८ मध्ये त्यावर पेपर लिहिला आणि दाखवलं की उत्तर एका समीकरणाच्या मुळांमध्ये दडलेलं आहे. पुढे एडवर्ड राउथ याने मुळं न काढताही सिस्टिम स्थिर आहे की नाही हे ओळखायची रीत दिली. तीच आपली परीक्षेतली राउथ टेबल.

पण राउथ फक्त 'हो' किंवा 'नाही' सांगतो. सिस्टिम किती चांगली आहे हे सांगत नाही. १९४८ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ अमेरिकन एव्हिएशन कंपनीतला इंजिनिअर वॉल्टर इव्हान्स याने एक वेगळी युक्ती मांडली. गेन शून्यापासून वाढवत गेलो तर मुळं कागदावर कुठून कुठे सरकतात, याचा नकाशाच काढायचा. तेव्हा हाताशी कॉम्प्युटर नव्हते. कोन आणि अंतरं मोजायला त्याने 'स्पिरूल' नावाची प्लास्टिकची खास पट्टीही बनवली. रूट म्हणजे मूळ, लोकस म्हणजे मार्ग. मुळांचा मार्ग, बस.

पोल वाचायला शिका

या मुळांनाच कंट्रोलमध्ये पोल म्हणतात. ते एस-प्लेन नावाच्या आलेखावर दाखवतात. आडवा अक्ष खरा भाग, उभा अक्ष काल्पनिक भाग. गणित बाजूला ठेवलं तरी पोलची जागा तीन गोष्टी सांगते:

१. डावीकडे की उजवीकडे? सगळे पोल उभ्या अक्षाच्या डावीकडे असतील तर सिस्टिम स्थिर. एक जरी उजवीकडे गेला तर अस्थिर.

२. डावीकडे किती आत? जितका आत, तितकी हालचाल लवकर थांबते. पोल −४ वर असेल तर एका सेकंदात उरलेला फरक २ टक्क्यांच्या खाली येतो. म्हणून अंदाजासाठी सोपा नियम: ४ भागिले पोलचं आडवं अंतर म्हणजे सेटलिंग टाइम, सेकंदांमध्ये.

३. आडव्या अक्षापासून किती वर? जितका वर, तितक्या जलद झुलण्या. आणि वर जाण्याच्या मानाने डावीकडे कमी असेल तर ओव्हरशूट मोठा. हे प्रमाण डॅम्पिंग रेशोने मोजतात. त्याला झीटा म्हणतात. झीटा ०.७ असेल तर ओव्हरशूट साधारण ४ ते ५ टक्के, ०.५ असेल तर १६ टक्के, ०.२ असेल तर ५० टक्क्यांच्या वर.

एकापेक्षा जास्त पोल असतील तर उभ्या अक्षाच्या सर्वात जवळचे पोल राज्य करतात. लांबच्या पोलचा परिणाम लवकर विरून जातो.

आपलं उदाहरण: रोबोटच्या हाताचा एक सांधा

मोटर, गिअर आणि हात मिळून असं ट्रान्सफर फंक्शन धरू:

१००० ÷ [ एस (एस + १०) (एस + ५०) ]

यातला प्रत्येक तुकडा खऱ्या गोष्टीतून येतो. एकटा 'एस' आहे कारण मोटर वेग देते आणि वेग साठत गेला की कोन बनतो. (एस + १०) आहे कारण हाताला वजन आहे, वेग यायला वेळ लागतो. इथे तो टाइम कॉन्स्टंट ०.१ सेकंद आहे. (एस + ५०) म्हणजे ड्रायव्हर आणि मोटरच्या कॉइलचा उशीर, ०.०२ सेकंद.

यावर साधा गेन लावून फीडबॅक लूप बंद केला की पोलचं समीकरण असं होतं:

एस³ + ६० एस² + ५०० एस + १००० × गेन = ०

गेन बदला, मुळं बदलतात. आता नकाशा काढू.

नकाशा काढायच्या पाच पायऱ्या

पायरी १: सुरुवातीचे बिंदू. गेन शून्य असताना पोल तिथेच असतात जिथे मूळ सिस्टिमचे आहेत: ०, −१० आणि −५०. तीन पोल, म्हणजे तीन मार्ग.

पायरी २: आडव्या अक्षावरचे भाग. अक्षावरच्या ज्या बिंदूच्या उजवीकडे विषम संख्येने पोल-झीरो आहेत, तो बिंदू मार्गावर असतो. म्हणून ० ते −१० हा तुकडा मार्गावर, −१० ते −५० नाही, आणि −५० च्या डावीकडचं सगळं मार्गावर.

पायरी ३: मार्ग शेवटी कुठे जातात? आपल्याकडे झीरो एकही नाही, म्हणून तिन्ही मार्ग अनंताकडे जातात. तीन मार्गांच्या दिशा +६०°, १८०° आणि −६०°. या रेषा जिथून निघतात तो बिंदू म्हणजे पोलची सरासरी: (० − १० − ५०) ÷ ३ = −२०. दोन रेषा उजवीकडे झुकलेल्या आहेत हे लक्षात घ्या. गेन भरपूर वाढवला तर सिस्टिम अस्थिर होणारच, हे इथेच कळलं.

पायरी ४: फुटण्याची जागा. ० आणि −१० वरून निघालेले दोन पोल समोरासमोर येतात, भेटतात आणि अक्ष सोडून वर-खाली फुटतात. हिशेब केला तर ही जागा −४.७३ येते आणि तिथे गेन १.१३ असतो. इथपर्यंत झुलणं अजिबात नाही. याच्या पुढे झुलणं सुरू.

पायरी ५: उभा अक्ष ओलांडण्याची जागा. राउथ टेबलने उत्तर चटकन येतं: ६० × ५०० = ३०,०००, म्हणजे गेन ३०. त्या वेळी पोल उभ्या अक्षावर ±२२.४ ला असतात. म्हणजे सांधा सेकंदाला साधारण साडेतीन झोके घेत राहील, न थांबता.

कागदावर हे काढलं की आकार इंग्रजी 'वाय' आडवा टाकल्यासारखा दिसतो. दोन फांद्या वर-खाली जाऊन हळूहळू उजवीकडे वळतात, तिसरा पोल −५० वरून डावीकडे निघून जातो आणि फारसा कुणाला त्रास देत नाही.

नकाशा वाचल्यावर काय दिसतं?

वेगवेगळ्या गेनला काय होतं ते पाहा. सगळे आकडे अंदाजे आहेत.

• गेन ०.५: सर्वात हळू पोल −१.१६ वर. ओव्हरशूट नाही, पण थांबायला ३.४ सेकंद.
• गेन १.१३: दोन पोल एकत्र −४.७३ वर. ओव्हरशूट नाही, १.२ सेकंद.
• गेन २.०७: पोल −४.५ ± जे ४.५. झीटा ०.७, ओव्हरशूट ४ टक्के, ०.९ सेकंद.
• गेन ३.५९: पोल −४.२ ± जे ७.२. झीटा ०.५, ओव्हरशूट १६ टक्के, १ सेकंद.
• गेन १०: पोल −२.९ ± जे १३.३. झीटा ०.२१, ओव्हरशूट ५० टक्के, १.४ सेकंद.
• गेन ३०: पोल ± जे २२.४. कधीच थांबत नाही.

या यादीतली सर्वात महत्त्वाची गोष्ट: २.०७ च्या पुढे गेन वाढवला तरी सांधा लवकर स्थिर होत नाही. उलट उशीर होतो! गेन १० ला मोटर जवळपास पाचपट जोर लावते, बॅटरी खाते, गिअरला हिसके देते, आणि तरी स्थिर व्हायला जास्त वेळ घेते. 'जास्त गेन म्हणजे जास्त फास्ट' ही समजूत इथे मोडते. फांद्या उजवीकडे वळताहेत म्हणजे प्रत्येक वाढीला आडवं अंतर कमी होतंय, हे नकाशात सरळ दिसतं.

दुसरी गोष्ट परीक्षेत हमखास फसवते. गेन १० असताना अस्थिर व्हायला अजून तिप्पट वाव आहे, म्हणजे गेन मार्जिन साधारण ९.५ डेसिबल. पुस्तकात '६ डेसिबलपेक्षा जास्त म्हणजे ठीक' असं वाचून कुणी समाधान मानेल. पण त्या वेळी ओव्हरशूट ५० टक्के आहे! वीस अंशांच्या हुकमाला हात तीस अंशांपर्यंत जाईल. अस्थिर नसणं आणि चांगलं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

नकाशावरच्या बिंदूवरून गेन कसा काढायचा?

समजा झीटा ०.७ हवा. त्यासाठी मूळ बिंदूपासून डावीकडे वर, ४५ अंशांची रेषा काढा. ती फांदीला जिथे छेदते तो आपला पोल: −४.५ + जे ४.५.

हा बिंदू खरंच मार्गावर आहे का? कोनांची अट तपासा. प्रत्येक मूळ पोलपासून या बिंदूपर्यंत रेषा काढून तिचा कोन मोजा. ० पासून १३५°, −१० पासून ३९.३°, −५० पासून ५.६°. बेरीज १७९.९°, म्हणजे १८०°. बरोबर, बिंदू मार्गावर आहे.

आता अंतरं मोजा. ० पासून ६.३६, −१० पासून ७.११, −५० पासून ४५.७. तिघांचा गुणाकार साधारण २०७०. त्याला वरच्या १००० ने भागा: २.०७. हाच गेन.

इव्हान्सची सगळी पद्धत या दोन ओळींत आहे. कोन सांगतात बिंदू मार्गावर आहे का, अंतरं सांगतात तिथे गेन किती. पट्टी आणि कोनमापक पुरेसं आहे.

हातात ओझं आलं तर?

आतापर्यंतचा हिशेब रिकाम्या हाताचा होता. पण हात वस्तू उचलायला आहे. समजा वस्तू पकडल्यावर सांध्यावरचं जडत्व दुप्पट झालं. मग (एस + १०) चा (एस + ५) होतो आणि वरचे १००० चे ५०० होतात. नकाशाच सरकतो. तेच गेन आता काय करतात पाहा:

• गेन २.०७: झीटा ०.७ वरून ०.५ वर. ओव्हरशूट १६ टक्के, सेटलिंग १.८ सेकंद.
• गेन ३.५९: झीटा ०.३६. ओव्हरशूट ३० टक्के.

वीस अंशांचे ३० टक्के म्हणजे सहा अंश. सुरुवातीला सांगितलेले दहा सेंटीमीटर ते हेच. रिकाम्या हाताने डेमो देताना गेन ३.५९ चटपटीत वाटेल. पण पकडीत डबा आला की तोच सांधा झोके खाईल. म्हणून गेन निवडताना रिकाम्या आणि भरलेल्या, दोन्ही अवस्थांचे नकाशे काढायचे.

मग शेवटी आकडा कोणता?

गेन निवडण्याआधी गरज लिहून काढा. आपल्या सांध्यासाठी अशी धरू:

• जास्तीत जास्त ओझ्यासकट ओव्हरशूट २० टक्क्यांपेक्षा कमी.
• दोन्ही अवस्थांत सेटलिंग २ सेकंदांच्या आत.
• हात सेकंदाला १० अंश या वेगाने सतत फिरत असताना तो हुकमाच्या ३ अंशांपेक्षा जास्त मागे राहू नये.

तिसरी अट गेनची खालची मर्यादा ठरवते. आपल्या सिस्टिममध्ये मागे राहण्याचा कोन म्हणजे वेग भागिले (२ × गेन). गंमत म्हणजे ओझं आलं तरी हे सूत्र बदलत नाही. १० ÷ (२ × गेन) हे ३ पेक्षा कमी हवं, म्हणून गेन किमान १.६७.

पहिली अट वरची मर्यादा ठरवते. भरलेल्या हाताच्या नकाशावर २० टक्के ओव्हरशूटची रेषा, म्हणजे झीटा ०.४६ च्या आसपास, काढली तर गेन कमाल २.४३ येतो. सेटलिंगची अट या पट्ट्यात आपोआप पाळली जाते.

म्हणजे आपल्याला एक आकडा नाही, तर खिडकी मिळाली: १.६७ ते २.४३. मधला आकडा साधारण २.०५. आपला २.०७ अगदी मध्यावर बसतो. बॅटरी उतरल्यामुळे किंवा भाग बदलल्यामुळे प्रत्यक्ष गेन १५ टक्के इकडेतिकडे झाला, तरी तो १.७६ ते २.३८ मध्येच राहतो. खिडकीच्या बाहेर जात नाही. गेन निवडणं म्हणजे खरं तर हे: खिडकी शोधा, मग तिच्या मध्यावर उभे राहा.

खिडकीच नसेल तर?

समजा कुणी म्हणालं, 'सांधा अर्ध्या सेकंदात थांबला पाहिजे.' त्यासाठी पोल −८ च्या डावीकडे हवेत. आपल्या नकाशावर उभ्या अक्षाजवळच्या फांद्या तिथे जातच नाहीत. गेन कितीही फिरवा, उपयोग नाही. अशा वेळी रात्रभर गेन ट्यून करत बसण्यात अर्थ नसतो. रस्ता जिथे जात नाही तिथे गाडी जाणार नाही. रस्ताच नवा बांधावा लागतो.

तो बांधतात लीड कॉम्पेन्सेटर लावून. कंट्रोलरमध्ये −१० वर एक झीरो आणि −१०० वर एक पोल टाकू, सुरुवातीचा गेन तोच राहील अशा बेताने. झीरो हाताच्या आळशी पोलला जवळपास खोडून टाकतो. आता पोल ०, −५० आणि −१०० उरतात आणि अख्खा नकाशा डावीकडे सरकतो. झीटा ०.७ ला पोल −१९ च्या आसपास येतात, गेन ८.१६. सेटलिंग ०.२ सेकंद, आणि १० अंश वेगाला मागे राहणं फक्त ०.६ अंश.

फुकट काही मिळत नाही. अचानक हुकूम आला की हा कंट्रोलर पहिल्या क्षणी एररच्या ८१.६ पट जोर मागतो. साधा गेन २.०७ पट मागत होता. म्हणजे जवळपास ३९ पट. बॅटरी आणि ड्रायव्हर तेवढं देऊ शकत नाहीत, मोटर कमाल मर्यादेला टेकते, आणि नकाशाचा हिशेब तेवढ्या काळापुरता लागू राहत नाही. सेन्सरमधला बारीक नॉइजही तसाच वाढतो. शिवाय ओझं आल्यावर हाताचा पोल −१० वर राहत नाही, त्यामुळे खोडाखोड अर्धवट होते. म्हणून लीड लावल्यावरही ओझ्यासकट नकाशा पुन्हा काढायचाच.

नेहमी पडणारे प्रश्न

*सिम्युलेशनमध्ये छान चालतं, हार्डवेअरवर का थरथरतं?*
बहुतेक वेळा मॉडेलमध्ये न धरलेला उशीर किंवा गिअरमधला ढिलेपणा कारण असतो. कोड दर २० मिलिसेकंदांनी चालत असेल तर तेवढा उशीर लूपमध्ये येतो. आपल्या साध्या गेनच्या सांध्याला तो फार जाणवत नाही, पण लीड लावलेला लूप जवळपास चारपट जलद आहे, त्याला चारपट जाणवतो. वायरलेसने चालणाऱ्या रोबोटमध्ये सांध्याचा हा लूप रोबोटवरच चालवणं शहाणपणाचं, ते याचमुळे. ऑपरेटरकडून फक्त 'कुठे जायचं' एवढंच यावं.

*झीटा नेहमी ०.७ च घ्यायचा का?*
नाही. ती सोयीची सुरुवात आहे. जिथे पुढे जाणं म्हणजे धडक, तिथे १ च्या जवळ राहा. जिथे थोडं झुललं तरी चालतं पण पटकन पोचायचं आहे, तिथे ०.५ सुद्धा चालतो.

*पीआयडी असेल तर ही पद्धत चालते का?*
चालते. पीआयडीमुळे नकाशात एक पोल आणि दोन झीरो वाढतात. तिन्ही आकड्यांमधलं प्रमाण आधी ठरवा, म्हणजे झीरोंची जागा ठरते. मग एकूण गेनसाठी रूट लोकस काढा.

*गेन शक्य तितका कमी ठेवला तर सुरक्षित नाही का?*
झोक्यांपासून सुरक्षित, हो. पण हात हुकमाच्या मागे रेंगाळतो, आणि खऱ्या गिअरमध्ये घर्षण असल्यामुळे कमी गेनला मोटर शेवटचा अर्धा अंश हलतच नाही. ऑपरेटरला वाटतं पोचलं, प्रत्यक्षात पोचलेलं नसतं.

*हे फोनवर करून बघता येईल का?*
येईल. ब्राउझरमध्ये ऑक्टेव्ह ऑनलाइन उघडा, कंट्रोल पॅकेज लोड करा, वरचा आकडा १००० आणि खालचे सहगुणक १, ६०, ५००, ० देऊन ट्रान्सफर फंक्शन बनवा, आणि 'आरलोकस' कमांड चालवा. पायथॉनच्या 'कंट्रोल' लायब्ररीतही हेच करता येतं. पण आधी वरच्या पाच पायऱ्या कागदावर करा. फांद्या उजवीकडे का वळल्या हे हाताने काढल्यावर जितकं कळतं, तितकं स्क्रीनवर तयार चित्र बघून कळत नाही.

थोडक्यात

• गेनचा आकडा शोधण्याआधी गरज आकड्यांत लिहा: ओव्हरशूट, सेटलिंग, मागे राहणं.
• रूट लोकस काढा. फांद्या कुठे फुटतात आणि उभा अक्ष कुठे ओलांडतात ते पाहा.
• कोनांनी बिंदू तपासा, अंतरांनी गेन काढा.
• सर्वात वाईट अवस्थेसाठी, म्हणजे पूर्ण ओझ्यासकट, नकाशा पुन्हा काढा.
• दोन्ही नकाशांतून गेनची खिडकी मिळाली तर मध्यावर उभे राहा. खिडकी नसेल तर गेन फिरवणं थांबवा आणि कंट्रोलर बदला.

सरावासाठी एक गणित: वरच्या सांध्यावर जडत्व दुप्पटऐवजी तिप्पट झालं, म्हणजे (एस + १०) चा (एस + ३.३३) आणि १००० चे ३३३ झाले, तर २० टक्के ओव्हरशूटची अट पाळणारा कमाल गेन किती? आणि मग खिडकी उरते का? कागद घ्या आणि काढून बघा.